सोळा नंबरची फळी

बंधाऱ्याला दारं चार आणि एकेका दाराला फळ्या पाच, म्हणजे एकूण वीस फळ्या. हा हिशोब गावात कोणालाही झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. तरीही त्या वीस फळ्या ओढ्याच्या काठावर आणायला मुकादमाला आठ दिवस लागले, आणि आठव्या दिवशीसुद्धा त्या एकोणीसच भरल्या.

फळ्यांचं काम तसं सोपं होतं. पावसाळ्यात त्या काढून ठेवायच्या, म्हणजे गढूळ पाणी आपला गाळ घेऊन निघून जातं. पाऊस ओसरला की त्या खांबांच्या खाचांत एकीवर एक बसवायच्या आणि फटींत गवत, चिखल भरायचा. मग ओढा तुंबतो आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत पाणी राहतं. उशीर झाला तर ओढा वाट बघत थांबत नाही. आटून जातो, आणि मग फळ्या लावल्या काय आणि न लावल्या काय.

पहिल्यांदा दारांना लोखंडी पत्रे होते. ते भंगारात गेले. पहिला पत्रा गेला तेव्हा पंचनामा झाला, चौथा गेला तेव्हा कोणी चौकशीही केली नाही. मग लाकडी फळ्या आल्या आणि शाळेच्या खोलीत ठेवल्या. तिथे वाळवीने प्रवेश घेतला आणि शाळेतल्या कोणाहीपेक्षा लवकर अभ्यास संपवला. तिसऱ्या खेपेला नव्या फळ्या देऊन पाणलोटाचे साहेब शेवटच्या सभेत म्हणाले, "आमची योजना संपली. उद्यापासून आम्ही नसू. हा बंधारा तुमचा आहे. घरचाच समजा."

तेव्हा मुकादमाची बायको उठली. तिला सगळे थोरली म्हणायचे, कारण तिची धाकटी बहीणही याच गावात दिली होती. पाणलोट समितीची वही थोरलीकडे असायची. ती म्हणाली, "घरचाच आहे ना? मग पावसाळ्यात फळ्या घरीच ठेवू. ओढ्याकाठच्या वीस घरांत एकेक. आपल्या घरातलं कोणी भंगारात विकत नाही."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि अहवालात लोकसहभाग असं लिहिलं. घरात आलेली वस्तू चार महिन्यांत घरची होऊन बसते, हे त्यांनी लिहिलं नाही. त्यांच्या घरी कोणी फळी दिली नव्हती.

थोरलीने डांबराने प्रत्येक फळीवर नंबर घातला आणि कोणती फळी कोणाकडे ते वहीत लिहिलं. सोळा नंबरची फळी तिने स्वतःच्या घरी नेली. ती वहीत लिहिली नाही. आपलं आपण काय लिहायचं, असं म्हणाली.

पावसाळ्याच्या मध्यावर थोरली गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दवाखाना, पाचव्या दिवशी सगळं संपलं. वही धाकटीकडे गेली. फळ्या वीस घरांत राहिल्या. त्यातल्या विसाव्या घरात मुकादम राहिला.

आता सोळा नंबरच्या फळीचं झालं होतं असं की, थोरलीने ती मागच्या दारी नेऊन मुकादमाला म्हटलं होतं, "एवढी लांब फळी पडून राहणार, त्यापेक्षा खाली विटा लावा. सकाळचा चहा तरी बसून पिऊ." मुकादमाने जन्मभर लोकांच्या भिंती बांधल्या, पण स्वतःच्या दारात विटा रचताना चुकला. दोन्ही थर टोकांना न ठेवता चांगले हातभर आत घेतले. परिणाम असा की दोघं दोन टोकांना बसले तर बाक ठीक, आणि एक जण उठला की दुसरा जमिनीवर. थोरली दोनदा पडली, मुकादम एकदा. मग नियम ठरला, उठायचं तर सांगून उठायचं.

"उद्या विटा सरकवतो," मुकादम रोज म्हणायचा.

"राहू द्या," थोरली म्हणायची. "निदान उठताना तरी तोंडातून शब्द निघतो तुमच्या."

ती गेल्यानंतर पहिल्या सकाळी तो सवयीने आपल्या टोकाला बसला आणि चहासकट खाली आला. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या जागेवर धान्याचं अर्धं पोतं ठेवलं. पोत्याला काही सांगावं लागत नव्हतं. तरी एक-दोनदा उठताना त्याच्या तोंडून "उठतो हं" निघालंच, आणि मग तो इकडेतिकडे बघून आत गेला.

म्हणून पाऊस संपल्यावर धाकटी वही घेऊन आली आणि म्हणाली, "चला भावोजी, फळ्या गोळा करायच्या," तेव्हा मुकादमाने आभाळाकडे बघितलं.

"अजून एखादी सर येईल."

"आठ दिवस कोरडे गेलेत. ओढा गुडघ्यावरून घोट्यावर आला. चला."

तो निघाला. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात होतं की लोकांनी फळ्या देऊ नयेत. दहा-बारा घरांनी नाही म्हटलं की दारं लागायची नाहीत, आणि दारं लागायची नाहीत तर सोळा नंबरला कोण विचारतो? विहिरींचं काय, हा प्रश्न त्याच्या मनात येई, आणि तो त्याला घोट्यावरच्या पाण्यासारखा पुढे जाऊ देई.

पहिलं घर शिंप्याचं. त्याने फळीवर जुनं कापड ताणून इस्त्रीचं टेबल केलं होतं.

"साहेब काय म्हणाले?" शिंपी म्हणाला. "बंधारा तुमचा आहे म्हणाले. मग फळी कोणाची झाली?"

"बरोबर आहे त्याचं," मुकादम पटकन म्हणाला.

धाकटीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग शिंप्याला म्हणाली, "फळी तुमचीच. पाणीही तुमचंच. इस्त्रीआधी कापड धुतात ना? उन्हाळ्यात कशाने धुणार?"

शिंप्याने थोडा विचार केला आणि इस्त्री बाजूला ठेवली.

मास्तरांच्या घरी ओसरीवर स्कूटर चढवायला फळीचा उतार केला होता. स्कूटर आत होती.

"फळी नेलीत तर ती खाली कशी येणार?" मास्तर म्हणाले.

"आधी खाली घ्या, मग फळी द्या," धाकटी म्हणाली.

"आणि पाऊस आला तर?"

"पाऊस संपला म्हणून तर फळी मागतोय, मास्तर."

"हा मुद्दा आहे," मास्तर म्हणाले. तरी ते नाखूशच दिसले. मुद्दा दुसऱ्याने मांडलेला त्यांना आवडत नसे.

दुकानदाराने फळीवर तेलाचे डबे मांडले होते. तो म्हणाला, ही राहू द्या, बदली दुसरी देतो, हिच्याहून चांगली. त्याने दिलेली फळी खरंच चांगली होती, फक्त वीतभर आखूड होती. धाकटीने ती परत केली आणि एकेक डबा स्वतः खाली उतरवला. न्हाव्याच्या दुकानात फळीवर तीन गिऱ्हाइकं बसली होती. तिघांना उठवलं, तर अर्धी दाढी झालेला चौथाही उठून बघायला आला.

पण खरी पंचाईत दोन भावांच्या घरी झाली. घर एक, चुली दोन. दोघी जावांचं बोलणं बंद होतं, आणि दोन चुलींच्या मध्ये फळी आडवी उभी केली होती, म्हणजे एकमेकींचं तोंडही दिसायला नको.

"फळी न्या," मोठा भाऊ हळूच मुकादमाला म्हणाला, "पण मग आमच्या घरात काय होईल त्याची जबाबदारी समितीची."

"नकोच मग," मुकादम म्हणाला. "लोकांची घरं मोडून कुठे बंधारा..."

"भावोजी, तिकडचं टोक धरा," धाकटी म्हणाली.

फळी हलली. दोघी जावा समोरासमोर आल्या. त्यातली लहान जाऊ म्हणाली, "दूध उतू चाललंय तुमचं."

"दिसतंय मला," मोठी म्हणाली, आणि दूध उतरवलं. तेवढंच झालं, पण तीन महिन्यांत पहिल्यांदा झालं.

असं करत आठ दिवसांत एकोणीस फळ्या आल्या. एकेक फळी मिळाली की धाकटी वहीत खूण करायची, आणि मुकादम अजून नाही म्हणू शकतील अशी घरं मोजायचा. रोज सकाळी तो पोत्याशेजारी बसून चहा प्यायचा आणि स्वतःला समजवायचा की फळी काही कायमची जाणार नाही, पुढच्या पावसाळ्यात परत येईल. पण सात महिने पाण्यात राहून येईल ती फळी. तिच्यावर थोरलीने भाजी चिरताना पडलेल्या सुरीच्या खुणा होत्या, आणि कपाचे गोल डाग होते, तिच्या बाजूला जास्त. पाणी काही बघून पुसत नाही.

नवव्या दिवशी सगळं गाव काठावर जमलं. तीन दारं दुपारपर्यंत लागली. चौथ्या दाराशी काम अडलं, कारण सगळ्यात खालची फळी सोळा नंबरची, आणि ती बसल्याशिवाय वरच्या चार बसवून उपयोग नाही.

"सोळा कोणाकडे?" धाकटीने विचारलं. "वहीत जागा कोरी आहे."

मुकादम गवताच्या पेंढ्या मोजत होता. त्या मोजायची काही गरज नव्हती.

"कोणतीही घाला ना खाली," दुकानदार म्हणाला.

सतरा नंबरची घालून बघितली. ती बोटभर आखूड पडली आणि एका बाजूने खाचेतून निसटली. अठरा तर दोन बोटं आखूड. आता सुतार पुढे आला. फळ्या शहरातल्या वखारीतून कापून आणल्या म्हणून तो आधीच रुसलेला होता. त्याने दोरीने खालचं अंतर मोजलं, वरचं मोजलं, आणि दोरी हातात धरून हसायला लागला.

"मुकादम, तुमचा खांब झुकलाय."

"खांब सरळ आहे," मुकादम म्हणाला. "फळ्या आखूड कापल्यात."

"चारही फळ्या आखूड, आणि प्रत्येक वेगळ्या मापाने? वखारवाल्याचं डोकं फिरलं होतं का?"

हे मुकादमालाच ठाऊक होतं, आणि थोरलीला होतं. तो खांब त्याने घाईत बांधला होता. काम सरळ आहे का ते बघायचा ओळंबा ओढ्यात पडून वाहून गेला होता आणि त्याने खांब नजरेवरच उचलला, कारण मुकादमाची नजर म्हणजे ओळंबाच, असं गावात म्हणायचे. थोरली दोरी घेऊन मापं घ्यायला गेली तेव्हा तिला कळलं. ती घरी येऊन काही बोलली नाही. वखारीला बरोबर मापं दिली आणि सगळ्या फळ्यांवर नंबर घातले. प्रत्येक फळीची जागा ठरलेली असते, असं तिने गावाला सांगितलं. गावाने मान डोलावली. नंबर घातले की लोक कारण विचारत नाहीत.

इकडे काठावर आवाज चढायला लागले होते. दुकानदार म्हणाला, सोळा न्हाव्याकडे असणार, त्याच्याकडे दोन बाक होते. न्हावी म्हणाला, माझ्या दुसऱ्या बाकाला पाय आहेत, येऊन बघा, आणि तुमच्या दुकानात मागच्या खोलीत काय आहे ते गावाला एकदा दाखवा. शिंपी म्हणाला, "एक घर फळी लपवून बसतं आणि आम्ही इस्त्री जमिनीवर करायची? मग माझीही द्या परत."

"माझीही," दुकानदार म्हणाला.

"मुद्दा आहे," मास्तर म्हणाले.

आणि बघता बघता शिंपी खरोखरच पाण्यात उतरला. त्याची फळी पहिल्या दारात सगळ्यात वर होती. त्याने ती दोन्ही हातांनी धरून हलवली. खालच्या फळ्याही हलल्या, भरलेला चिखल सुटला आणि तळाशी पाणी बारीक धारेने निघायला लागलं. मागून न्हावी उतरला. धाकटी वही छातीशी धरून उभी होती. ती ओरडली नाही की कोणाला अडवायला गेली नाही. ती मुकादमाकडे बघत होती.

पहिले पत्रे असेच गेले होते. एकाचा गेला म्हणून दुसऱ्याने नेला. ते मुकादमाला आठवलं, आणि हेही आठवलं की चोर कोण ते तेव्हा सापडलं नव्हतं. आता सापडत होतं.

"ठेव ती फळी," तो शिंप्याला म्हणाला. "सोळा माझ्याकडे आहे."

शिंप्याचे हात फळीवरून सुटले.

"आणि खांबही वाकडाच आहे," तो पुढे म्हणाला. म्हटलं बोलतोच आहोत तर एकदाच बोलून मोकळं व्हावं.

सुतार सगळ्यात आधी सावरला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," तो म्हणाला, "स्वतः कोरडे पाषाण. आणि पाषाणही ओळंब्यात नाही."

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. अर्धी दाढी झालेला तो माणूस, जो आठ दिवसांनी पूर्ण दाढी वाढवून आला होता, तो तर खाली बसला. शिंप्याने पाण्यातच उभं राहून विचारलं, "माझ्या दारात येऊन 'बरोबर आहे त्याचं' म्हणालात, ते म्हणून होय?" मुकादमाला राग यायला हवा होता, पण आला नाही. फार दिवसांनी इतकी माणसं त्याच्याशी नीट बोलत होती. थोरली गेल्यापासून सगळे त्याच्याशी दवाखान्यात बोलावं तसं हळू बोलायचे.

फळी आणायला तो घरी निघाला तेव्हा धाकटीही बरोबर आली. रस्त्यात तो म्हणाला, "तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ताईकडे यायचे तेव्हा मी किती वेळा पडलेय त्या बाकावरून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची फळी मी सांगून आणली असती तर बाकीच्या एकोणीस परत गेल्या असत्या. सगळे म्हणाले असते, मुकादमाला मेहुणीने धरून आणला."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"तर शिंप्याने फळी काढली असती," धाकटी म्हणाली. "मी काय करणार होते? मला पोहता येत नाही."

मागच्या दारी मुकादमाने पोतं उचलून भिंतीला लावलं. फळी लगेच उचलली नाही. धाकटीही घाई करेना. ती सुरीच्या खुणांवरून बोट फिरवत म्हणाली, "पाटावर चिरायचं सोडून इथे काय चिरत होती ही?"

"बोलायला बसायची. बोलता बोलता भाजीही व्हायची."

"तुमच्याशी? बोलायला?"

"ती बोलायची," मुकादम म्हणाला. "मी उठताना सांगायचो."

धाकटीने मान दुसरीकडे वळवली आणि थोड्या वेळाने फळीचं एक टोक धरलं. दुसरं त्याने धरलं. विटा तशाच राहिल्या.

सोळा नंबरची फळी खाचेत सरळ उतरली. बोटभरही इकडे नाही की तिकडे नाही. थोरलीचं माप होतं. तिच्यावर सतरा, अठरा, एकोणीस, वीस बसल्या, आणि पाणी थबकून मागे वळलं.

आता धाकटीने वही उघडली आणि सगळे काठावर आहेत तोवर एक ठराव मांडला. पुढच्या पावसाळ्यापासून कोणती फळी कोणत्या घरी जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि एकाच घरी तीच फळी लागोपाठ दोनदा जाणार नाही. "घरात राहिली की जीव जडतो," ती म्हणाली. "जडू दे, पण चार महिनेच."

लोकांना ते पटलं. शिंप्याला तर फारच पटलं, कारण दुकानदाराची फळी जास्त गुळगुळीत होती. मोठ्या भावाने विचारलं की चुलींच्या मध्ये ठेवायची असेल तर लांब फळी मिळेल का. त्याच्या बायकोने मागून सांगितलं, गरज नाही.

"अनुमोदन कोणाचं?" धाकटीने विचारलं. वहीत तशी ओळ असायची आणि दर ठरावाला तिथे मुकादमाचं नाव पडायचं. थोरली न विचारताच लिहायची. धाकटी पेन धरून थांबली.

मुकादम चौथ्या दाराशी गुडघाभर पाण्यात उभा होता. सोळा नंबरची फळी आता दिसत नव्हती, पाण्याखाली गेली होती. पायाने चाचपली तर लागत होती. पुढच्या वर्षी ती शिंप्याकडे जाईल, नाहीतर न्हाव्याकडे, आणि तिच्यावर कोणीतरी इस्त्री करेल किंवा दाढीची वाट बघत बसेल. ती आपल्या दारी यायची पाळी पुन्हा कधी येईल, आणि तेव्हा आपण असू की नाही, कोणी सांगावं. त्याने पायाने फळी पुन्हा एकदा चाचपली. कोणी घाई केली नाही, सुतारानेही नाही.

"लिही," तो म्हणाला. "माझं अनुमोदन."

"हात वर करा. असं तोंडी चालत नाही."

"हात रिकामा नाहीये," मुकादम म्हणाला, आणि ते खरंच होतं. वाकड्या खांबाच्या कडेने पाणी झिरपत होतं आणि त्याचे दोन्ही तळवे चिखलासकट त्या फटीवर दाबलेले होते.

"आधी गवत भरा, मग चिखल," सुतार काठावरून म्हणाला.

"आधी चिखल."

"पन्नास वर्षं लोक आधी गवत भरतायत."

"म्हणून पन्नास वर्षं गळतंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खांब पाडून सरळ बांधून देतो. तोवर एक तर गप्प बस, नाहीतर खाली उतर."

सुतार बडबडत पायजमा वर खोचून खाली उतरला. दोघांनी मिळून एक पेंढी गवताची आणि एक पाटी चिखलाची असं भरायला घेतलं, आणि आधी काय भरलं यावर अंधार पडेपर्यंत वाद घातला. बाकीचे आपापल्या घरी गेले. झिरपणं पुरतं थांबलं नाही, पण पाणी खांबावर वीतभर चढलं होतं.